कंटेनरमध्ये इनिट व्यवस्था बसवताना : तयारी, टप्प्यांचा क्रम आणि थांबवण्याची चाचणी

कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त जागेत, एकापेक्षा अधिक सेवा (सतत चालणारे प्रोग्राम) चालवणाऱ्यांची चूक बहुधा एकाच जागी होते. कंटेनर सुरू झाला, ब्राउझरमध्ये पान उघडले, की काम संपले असे ते धरून चालतात. तो कंटेनर बंद होताना आत काय घडते, हे कोणी पाहत नाही. लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी मी केलेल्या मांडणीत हीच चूक माझ्या हातून झाली होती. सोयाबीनचा हंगाम होता, दुपारी लाईट गेली, यूपीएसने संगणकाला बंद होण्याची सूचना दिली आणि संगणक रीतसर बंदही झाला. लाईट आल्यावर पाहिले, तर तीन हिशोबपट्ट्यांना क्रमांक मिळालेले होते, पण त्यांच्या फाइली शून्य बाइटच्या होत्या. वजनकाट्यावरची चिठ्ठी हातात धरून शेतकरी समोर उभे होते आणि त्यांची पट्टी हाताने लिहून द्यावी लागली. संगणकाने कंटेनरला थांबण्यास सांगितले होते, पण तो निरोप पट्टी लिहिणाऱ्या प्रोसेसपर्यंत पोहोचलाच नव्हता.

इनिट म्हणजे कंटेनरमध्ये सर्वांत आधी सुरू होऊन बाकीच्या प्रोसेसना (चालू प्रोग्रामना) सांभाळणारी आणि थांबवणारी प्रोसेस. ती बसवण्याच्या पुढील सर्व टप्प्यांत हेच उदाहरण घेतले आहे. दुकानाच्या कंटेनरमध्ये तीन सेवा आहेत : गुनिकॉर्न या वेब सर्व्हरवर चालणारे वेब ॲप, रांगेतील पट्ट्या तयार करणारी प्रोसेस आणि ठरल्या वेळी काम चालवून रात्रीचा गोषवारा पाठवणारी क्रॉन. या लेखातील आज्ञा, फाइलींची आणि सेटिंगांची नावे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची आहेत.

पूर्वतयारी

काहीही बदलण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक सेवेविषयी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. ती कोणत्या आज्ञेने सुरू होते, कोणत्या सिग्नलने (प्रोसेसला दिल्या जाणाऱ्या निरोपाने) नीट थांबते, थांबायला जास्तीत जास्त किती सेकंद घेते आणि ती मेली तर बाकीच्या सेवांनी चालू राहावे की नाही. या चार रकाने असलेल्या कागदावाचून पुढचे टप्पे घेतले, तर सेटिंगचे सगळे आकडे अंदाजाने भरले जातात.

सिग्नलचा रकाना भरताना सगळ्या सेवा सारख्या मानू नयेत. गुनिकॉर्न सिग्टर्मवर, म्हणजे थांबण्याची विनंती करणाऱ्या सिग्नलवर, हातातील विनंत्या पूर्ण करून थांबतो. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मात्र सिग्टर्मवर चालू जोडण्या तोडून तत्काळ बंद होतो आणि सिगक्विटवर त्या पूर्ण करून थांबतो. पोस्टग्रेस हा डेटाबेस सिग्टर्मवर सर्व ग्राहक आपणहून बाहेर पडण्याची वाट पाहतो, त्यामुळे जोडणी उघडी ठेवणारे ॲप असले की तो थांबतच नाही असे वाटते. त्याला सिगइंट दिला की तो चालू व्यवहार रद्द करून लगेच, पण सुरक्षितपणे बंद होतो.

याच वेळी हेही ठरवावे की या सेवा एकाच कंटेनरमध्ये असायलाच हव्यात का. एकच कोड, त्याच फाइली आणि एकीवाचून दुसरीला अर्थ नाही, अशा सेवा एकत्र ठेवणे रास्त आहे. डेटाबेस मात्र वेगळ्या कंटेनरमध्येच ठेवावा. ॲपची इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) दर आठवड्याला बदलते, म्हणून डेटाबेसही दर आठवड्याला बंद-चालू करण्याचे काही कारण नाही.

टप्पा १ : पहिल्या क्रमांकावर कोण बसले आहे ते पाहणे

कंटेनरमधील पहिल्या प्रोसेसचा क्रमांक १ असतो आणि लिनक्स कर्नेल तिला इतरांपेक्षा वेगळे वागवते. एखाद्या साध्या प्रोसेसला सिग्टर्म मिळाला आणि तिने त्याच्यासाठी काही लिहिलेले नसेल, तर ती संपते. क्रमांक १ च्या प्रोसेसने सिग्टर्मची हाताळणी स्वतः लिहिलेली नसेल, तर तो सिग्नल निष्फळ ठरतो. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची डॉकर स्टॉप ही आज्ञा नेमका हाच सिग्नल क्रमांक १ ला पाठवते, पूर्वनिर्धारित १० सेकंद थांबते आणि मग अडवता न येणाऱ्या सिगकिलने सगळेच मारून टाकते. अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते, पण क्रम तोच.

क्रमांक १ चे दुसरे काम पोरक्या प्रोसेस आवरण्याचे. एखाद्या प्रोसेसची पालक आधी संपली, की ती क्रमांक १ च्या पदरात येते आणि पुढे ती संपल्यावर तिचा निकाल क्रमांक १ ने वाचून घ्यावा लागतो. तो वाचला नाही, तर तिची नोंद प्रोसेसच्या यादीत डिफंक्ट म्हणून अडकून राहते, जिला झोंबी म्हणतात. दोन-चार झोंबींनी बिघडत नाही. पण दर ३० सेकंदांनी चालणारी आरोग्य तपासणी प्रत्येक वेळी मागे एक झोंबी सोडत असेल, तर दिवसाला २,८८० नोंदी साचतात; एक दिवस प्रोसेसची मर्यादा भरते आणि नवीन प्रोसेस जन्मालाच येत नाही.

कंटेनरच्या आत प्रॉक निर्देशिकेतील १ या निर्देशिकेत सीएमडीलाइन नावाची फाइल असते. ती वाचली की क्रमांक १ वर कोण आहे ते कळते. तिथे शेलचे (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचे) नाव दिसले, तर बहुतेक वेळा दुखणे तिथेच असते. त्याच निर्देशिकेतील स्टेटस फाइलमध्ये सिगसीजीटी अशी ओळ असते, जिच्यात पकडल्या जाणाऱ्या सिग्नलांचा षोडशमान आकडा असतो. त्यातील उजवीकडून चौथा अंक पाहावा. तो ४, ५, ६, ७ किंवा सी, डी, ई, एफ यांपैकी असेल, तर ती प्रोसेस सिग्टर्म हाताळते, अन्यथा नाही. कोड न वाचता अर्ध्या मिनिटात मिळणारे हे उत्तर आहे आणि कोणत्याही नव्या इमेजवर मी आधी हेच पाहतो.

तपासणी : डॉकर स्टॉपच्या आधी टाइम लावून ती चालवावी आणि डॉकर इन्स्पेक्टमध्ये निर्गमन संकेतांक पाहावा. १० सेकंद पूर्ण भरले आणि संकेतांक १३७ आला, तर कंटेनर थांबला नाही, मारला गेला आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिलचा क्रमांक. मेमरी संपल्यामुळे मारलेल्या प्रोसेसलाही हाच संकेतांक मिळतो, म्हणून तिथेच ओओएमकिल्ड ही नोंद खोटी असल्याची खात्री करावी.

टप्पा २ : गरजेइतकीच इनिट निवडणे

कंटेनरमध्ये एकच सेवा असेल, तर टिनी ही छोटी इनिट पुरते. डॉकर रनला इनिट हा पर्याय दिला, किंवा कंटेनरची मांडणी लिहिलेल्या कंपोज फाइलमध्ये इनिट समोर ट्रू लिहिले, की डॉकर स्वतःकडची टिनी क्रमांक १ वर बसवते. इमेजमध्ये काहीही बदलावे लागत नाही. टिनी सिग्नल पुढे पोहोचवते आणि झोंबी आवरते. मेलेली सेवा पुन्हा उभी करणे हे तिचे काम नाही, ते डॉकरच्या रीस्टार्ट धोरणाचे आहे.

आपल्या उदाहरणासारख्या तीन सेवा असतील, तर देखरेख करणारी इनिट लागते. त्यासाठी सुपरव्हायझरडी आणि एस६-ओव्हरले हे दोन रुळलेले मार्ग आहेत. सुपरव्हायझरडी शिकायला सोपी आहे, पण तिच्यात दोन खोट आहेत. प्रायॉरिटी हा आकडा सुरू करण्याचा क्रम ठरवतो, मात्र आधीची सेवा खरोखर तयार झाली का याची वाट पाहत नाही. आणि एखादी सेवा सुरू होण्याचे प्रयत्न संपवून फेटल अवस्थेत गेली, तरी सुपरव्हायझरडी स्वतः चालूच राहते, त्यामुळे कंटेनर बाहेरून धडधाकट दिसतो. आत मुख्य सेवा मेलेली आणि बाहेर सगळे आलबेल, ही स्थिती बंद कंटेनरपेक्षा वाईट आहे. या दुसऱ्या कारणासाठी मी एस६-ओव्हरले निवडतो आणि पुढील टप्पे तिच्या तिसऱ्या आवृत्तीला धरून आहेत. सुपरव्हायझरडीच घ्यायची असेल, तर नोडीमन ट्रू ठेवावे, प्रत्येक सेवेला स्टॉपॲजग्रूप आणि किलॲजग्रूप लावावे, आणि लॉग स्टँडर्ड आउटपुटवर पाठवताना मॅक्सबाइट्स शून्य करावे.

सिस्टमडी, म्हणजे बहुतेक लिनक्स यंत्रांची नेहमीची इनिट, तेव्हाच घ्यावी, जेव्हा संपूर्ण लिनक्स यंत्रासारखा कंटेनर हवा असतो, उदाहरणार्थ पॅकेजमधील सेवांची चाचणी घेण्यासाठी. तिच्यासाठी डॉकरसारखेच असलेले पॉडमन सोयीचे आहे, कारण आज्ञा सिस्टमडीची आहे हे ओळखून ते लागणाऱ्या तात्पुरत्या निर्देशिका आणि थांबवण्याचा सिगआरटीमिन अधिक ३ हा सिग्नल स्वतःच लावते. डॉकरवर सिस्टमडी चालावी म्हणून कंटेनरला प्रिव्हिलेज्ड करण्याचा, म्हणजे संगणकावर जवळपास सर्व अधिकार देण्याचा, सल्ला सर्रास दिला जातो; दुकानाच्या संगणकावर तो मुळीच पाळू नये.

इशारा : एस६-ओव्हरलेला क्रमांक १ ची जागा स्वतःला हवी असते. कंपोज फाइलमध्ये आधीच्या प्रयोगातील इनिट ट्रू ही ओळ राहिली असेल, तर केवळ क्रमांक १ वरच चालू शकते अशी तक्रार करून ती तत्काळ बंद पडते. टिनी काढावी आणि मगच एस६ बसवावी.

टप्पा ३ : प्रत्येक सेवा अग्रभागी आणणे

जुन्या पद्धतीच्या सेवा सुरू होताच स्वतःची प्रत पार्श्वभूमीत सोडून मूळ प्रोसेस संपवतात. देखरेख करणाऱ्या इनिटला मग सेवा मेली असेच वाटते, ती दुसरी प्रत उभी करायला जाते, पोर्ट आधीच अडलेले असते आणि लॉगमध्ये पत्ता वापरात असल्याची ओळ दर सेकंदाला उमटू लागते. म्हणून प्रत्येक सेवेला अग्रभागी ठेवणारा पर्याय द्यावा : एनजिनएक्सला डीमन ऑफ, पीएचपी-एफपीएमला मोठा एफ, एसएसएचडीला मोठा डी आणि क्रॉनला लहान एफ. गुनिकॉर्न मुळातच अग्रभागी चालतो, मात्र कोणी त्याच्या सेटिंगमध्ये डीमन ट्रू केलेले नाही हे पाहावे.

टप्पा ४ : सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून शेल बाजूला करणे

पहिल्या टप्प्यात क्रमांक १ वर शेल सापडले असेल, तर त्याची कारणे बहुधा दोनच असतात. इमेज बांधण्याच्या सूचना असलेल्या डॉकरफाइलमध्ये सीएमडी किंवा एंट्रीपॉइंट साध्या ओळीसारखे लिहिले, की डॉकर ती ओळ शेलमार्फत चालवते. चौकटी कंसात, प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात घालून लिहिले, की ती प्रोसेस थेट चालते. दुसरे कारण म्हणजे तयारी करून शेवटी सेवा सुरू करणारी स्क्रिप्ट. तिच्या शेवटच्या ओळीत आज्ञेआधी एक्झेक हा शब्द नसेल, तर शेल पालक म्हणून मागे उरते आणि मिळालेला सिग्नल मुलापर्यंत पोहोचवत नाही. एक्झेक लिहिला की शेलची जागा सेवा घेते, प्रोसेस क्रमांक तोच राहतो. आमच्या तीन रिकाम्या पट्ट्यांचे मूळ या एका गाळलेल्या शब्दात होते.

काही शेल एकच साधी आज्ञा असेल तर आपणहून एक्झेक करतात, त्यामुळे एका इमेजवर काम झाले आणि दुसरीवर नाही असे होते. त्या सोयीवर विसंबून राहू नये. आउटपुट फाइलीतही उतरवणाऱ्या टीसारख्या आज्ञेकडे पाइपने लॉग वळवणारी ओळही टाळावी, कारण पाइप आला की मध्ये शेल आलेच.

टप्पा ५ : एस६ची मांडणी

एस६-ओव्हरलेच्या दोन संकुचित फाइली इमेजमध्ये उलगडाव्या लागतात : सर्व यंत्रांसाठी सारखी असलेली नोआर्च आणि यंत्राच्या प्रोसेसरनुसार दुसरी. लॅपटॉपवर इमेज बांधून ती एआरएम प्रोसेसरच्या छोट्या संगणकावर नेणाऱ्यांनी दुसरी फाइल त्या संगणकाची आहे ना, हे पाहावे. उलगडण्यासाठी एक्सझेड लागते, जे लहान मूळ इमेजमध्ये अनेकदा नसते. एंट्रीपॉइंट म्हणून मूळ निर्देशिकेतील इनिट ही फाइल चौकटी कंसात द्यावी.

सेवांच्या निर्देशिका ईटीसी, त्याखाली एस६-ओव्हरले, त्याखाली एस६-आरसी डॉट डी अशा क्रमाने येणाऱ्या जागी असतात. प्रत्येक सेवेसाठी तिच्या नावाची निर्देशिका करावी. आत टाइप नावाच्या फाइलीत सतत चालणाऱ्या सेवेसाठी लाँगरन आणि एकदाच चालणाऱ्या कामासाठी वनशॉट हा एक शब्द लिहावा. लाँगरन सेवेला रन नावाची चालवण्याजोगी स्क्रिप्ट लागते आणि तिची शेवटची ओळ पुन्हा एक्झेकनेच सुरू व्हावी. त्यानंतर यूझर या गठ्ठ्याच्या कंटेंट्स डॉट डी निर्देशिकेत सेवेच्या नावाची रिकामी फाइल ठेवावी. ही रिकामी फाइल विसरली तर कोणतीही चूक दाखवली जात नाही. ती सेवा सुरूच होत नाही.

वनशॉट कामाची अप ही फाइल सर्वाधिक गोंधळ घालते. ती शेल स्क्रिप्ट नाही. ती एक्झेकलाइन या एस६च्या स्वतःच्या भाषेतील एक आज्ञा म्हणून वाचली जाते, म्हणून तिच्यात लिहिलेले इफ, व्हेरिएबल किंवा जोडअँपरसँड शेलसारखे चालत नाहीत. खरी स्क्रिप्ट वेगळ्या जागी ठेवावी आणि अप फाइलीत तिचा पूर्ण पत्ता एका ओळीत द्यावा. शिवाय सेवा उभ्या राहण्यासाठी मुळात ५,००० मिलिसेकंदांची मुदत असते. डेटाबेसमधील रकाने बदलण्याचे काम वनशॉटमध्ये ठेवले आणि ते पाच सेकंदांत उरकले नाही, तर उभारणी मुदत संपल्याचे सांगून फसते. एस६ सीएमडी वेट फॉर सर्व्हिसेस मॅक्सटाइम या व्हेरिएबलला शून्य दिले की ही मर्यादा उठते. त्याच्याच जोडीला एस६ बिहेवियर इफ स्टेज२ फेल्स याला २ ही किंमत द्यावी. एरवी उभारणीतील अपयश गिळून कंटेनर चालूच ठेवला जातो.

आता अवलंबित्व. डिपेंडन्सीज डॉट डी निर्देशिकेत ज्या सेवेवर अवलंबून आहोत तिच्या नावाची रिकामी फाइल ठेवली, की आधी ती उभी राहते. थांबताना हाच क्रम उलटा होतो, आणि बहुतेक जण ही गोष्ट लक्षात घेत नाहीत. आमच्या मांडणीत वेब ॲप पट्टी लिहिणाऱ्या प्रोसेसवर अवलंबून ठेवले आहे. सुरू होताना त्याचा विशेष उपयोग नाही. पण थांबताना आधी वेब बंद होते, रांगेत नवीन पट्टी येणे थांबते आणि मग पट्टीवाली प्रोसेस हातातील पट्टी पूर्ण करून थांबते. अवलंबित्व लिहिताना सुरुवातीचा नव्हे, शेवटाचा क्रम डोळ्यांसमोर ठेवावा.

इशारा : विंडोजवर लिहिलेल्या रन फाइलींत ओळींचा शेवट वेगळा असतो. फाइल समोर दिसत असूनही अशी फाइल नाही ही चूक आली, तर आधी ओळींचा शेवट पाहावा. गिटमधून फाइली आणताना चालवण्याची परवानगी गळाली नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.

टप्पा ६ : पर्यावरण, घड्याळ आणि क्रॉन

एस६ कंटेनरला दिलेली व्हेरिएबल्स सेवांना आपोआप देत नाही. रन फाइलीच्या पहिल्या ओळीत कमांड निर्देशिकेतील विथ-कॉन्टेन्व्ह आणि पुढे शेलचे नाव असावे, तरच डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड सेवेपर्यंत पोहोचतो. क्रॉनच्या कामांचे दुखणे यापेक्षा खोल आहे, कारण डेबियनचा क्रॉन स्वतःला मिळालेली व्हेरिएबल्सही कामांना देत नाही. म्हणून क्रॉनच्या ओळीतच आज्ञेआधी विथ-कॉन्टेन्व्ह पूर्ण पत्त्यासह लिहावे. कामाचे आउटपुट क्रॉन मेलने पाठवू पाहतो आणि कंटेनरमध्ये मेलची सोय नसते. ते कायम साठवणुकीच्या निर्देशिकेतील फाइलीत वळवावे.

कंटेनरचे घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असते. रात्री ८ चा गोषवारा त्यामुळे भारतीय वेळेनुसार मध्यरात्रीनंतर १ वाजून ३० मिनिटांनी जातो आणि तोवर दुकानात पुढच्या दिवसाची तारीख लागलेली असते. इमेजमध्ये टीझेडडेटा हे पॅकेज टाकून टीझेड व्हेरिएबलला एशिया-तिरपी रेघ-कोलकाता ही किंमत द्यावी आणि कंटेनरच्या आत डेट आज्ञा चालवून खात्री करावी. पॅकेज न टाकता नुसते व्हेरिएबल दिले, तर घड्याळ निमूटपणे यूटीसीवरच राहते.

टप्पा ७ : थांबण्याच्या मुदतींची बेरीज

इथे पूर्वतयारीचा कागद कामी येतो. नियम एवढाच की आतील मुदतींची बेरीज बाहेरच्या मुदतीपेक्षा कमी असली पाहिजे. गुनिकॉर्न हातातील विनंत्यांसाठी मुळात ३० सेकंद देतो आणि डॉकर एकूण १०. हे दोन आकडे तसेच ठेवले, तर गुनिकॉर्नची सौजन्याची मुदत कधीच पूर्ण होत नाही.

दुकानातील बेरीज अशी आहे. गुनिकॉर्नची ग्रेसफुल टाइमआउट १२ सेकंद केली आणि एस६मधील त्या सेवेच्या टाइमआउट-किल फाइलीत १५,००० मिलिसेकंद लिहिले. एक पट्टी तयार व्हायला जास्तीत जास्त ४ सेकंद लागतात, पण प्रिंटर अडला तर वेळ वाढतो, म्हणून त्या प्रोसेसला २०,००० दिले. शेवटी उरल्यासुरल्या प्रोसेसना टर्म आणि किल यांच्यामध्ये एस६ मुळात ३ सेकंद देते. सेवा एकामागून एक थांबणार असल्याने १५, २० आणि ३ मिळून ३८ होतात. म्हणून कंपोज फाइलमध्ये स्टॉप ग्रेस पीरियड ४५ सेकंद ठेवला. सिग्टर्मऐवजी दुसरा सिग्नल हवा असलेल्या सेवेसाठी तिच्या निर्देशिकेत डाउन-सिग्नल या फाइलीत त्याचे नाव लिहावे.

तपासणी : यूपीएसची बॅटरी उरलेली असताना संगणक बंद होण्याची सूचना किती आधी मिळते, ते एकदा प्लग काढून घड्याळ लावून मोजावे. ४५ सेकंदांत संगणकाचा स्वतःचा बंद होण्याचा वेळ मिळवून जी बेरीज येते, तिच्यापेक्षा ती वेळ ठळकपणे जास्त हवी. बॅटरी जुनी झाली की ही वेळ घटते. दर उन्हाळ्यापूर्वी ती पुन्हा मोजावी.

टप्पा ८ : सेवा मारून पाहणे

एस६ मेलेली लाँगरन सेवा पुन्हा उभी करते, जास्तीत जास्त सेकंदाला एकदा, आणि थकत नाही. पासवर्ड चुकीचा असेल तर ती अखंड मरत आणि उठत राहते, कंटेनर मात्र चालू दिसतो. ज्या सेवेवाचून कंटेनरला अर्थ नाही, तिच्या निर्देशिकेत फिनिश नावाची स्क्रिप्ट ठेवावी. तिला पहिला घटक म्हणून सेवेचा निर्गमन संकेतांक मिळतो; सेवा सिग्नलने मेली असेल तर तिथे २५६ येते आणि दुसऱ्या घटकात सिग्नलचा क्रमांक असतो. संकेतांक शून्य नसेल, तर तो रन निर्देशिकेखालील एस६-लिनक्स-इनिट-कंटेनर-रिझल्ट्स या निर्देशिकेतील एक्झिटकोड फाइलीत लिहावा आणि एस६ची हॉल्ट आज्ञा चालवावी. कंटेनर त्या संकेतांकासह बंद होतो आणि डॉकरचे रीस्टार्ट धोरण त्याला नव्याने उभा करते. २५६ हा आकडा मात्र तसाच लिहू नये, कारण निर्गमन संकेतांक २५५ च्या पुढे जात नाही. त्या वेळी १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून लिहावा.

यानंतर खरी परीक्षा घ्यावी आणि ती कामकाज चालू असल्यासारखीच घ्यावी. रांगेत २० खोट्या पट्ट्या टाकाव्यात, चौथी-पाचवी तयार होत असताना डॉकर स्टॉप द्यावे. कंटेनर ४५ सेकंदांच्या आत थांबला पाहिजे, संकेतांक १३७ नसावा आणि क्रमांक मिळालेल्या प्रत्येक पट्टीची फाइल पूर्ण असावी. मग कंटेनर सुरू करून उरलेल्या पट्ट्या रांगेतून पुढे सरकतात का ते पाहावे. दुसऱ्या फेरीत आतील पट्टीवाल्या प्रोसेसला सिगकिल द्यावा आणि ती उठते का, की फिनिशने कंटेनर बंद होतो, हे कागदावर लिहिलेल्या निर्णयाशी ताडून पाहावे. शेवटी कंटेनर रात्रभर चालू ठेवून सकाळी पीएसच्या यादीत झेड अवस्थेतील प्रोसेस मोजाव्यात. ती संख्या शून्य असेल, तर इमेजला आवृत्तीचा क्रमांक द्यावा आणि मगच ती मोंढ्यातील संगणकावर न्यावी, तीही बाजार बंद असलेल्या दिवशी.